दामाजीपंतांची रसीद

बिदरला गेलेला मराठी माणूस महमूद गावानचा मदरसा पाहतो, किल्ल्यातील रंगीन महालाचे शिंपल्यांचे काम पाहतो, बहामनी सुलतानांच्या कबरींवरूनही एकदा फिरून येतो. परंतु परतताना त्याच्या मनात राहतो तो मंगळवेढ्याचा एक कारकुनी पेशाचा गृहस्थ. दामाजीपंतांसाठी विठू महाराने धनाची थैली ज्या दरबारात रिकामी केली तो दरबार कोणता, असे तो वाटाड्यास विचारीत नाही. त्याच्या लेखी ती गोष्ट घडून गेलेली असते आणि ती ह्याच गावी घडलेली असते. लहानपणी कीर्तनात ऐकलेली कथा आणि पोटासाठी पत्करलेला परप्रांत ह्यांची अशी गाठ पडली म्हणजे क्षणभर बरे वाटते.

त्या बरे वाटण्याविषयीच थोडे लिहावयाचे आहे. दामाजीची कथा आपण ज्या रीतीने ऐकत आलो, ती रीत बरोबर आहे काय, अशी शंका प्रस्तुत लेखकाला पुष्कळ दिवस येत आहे. ज्या काळात उद्याचा भरवसा कोणालाच देता येत नाही, अशा काळात देवावर विश्वास टाकणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न ह्या कथेत आहे. आपण मात्र त्या प्रश्नाला बगल देऊन थेट उत्तरावर, म्हणजे रसिदेवर जाऊन बसतो.

ही कथा सर्वांच्या तोंडी झाली ती मुख्यतः महिपतीमुळे. ताहाराबादचा हा कवी (१७१५–१७९०) स्वतः कुळकर्णी होता. जागीरदाराच्या कचेरीत त्याचा राबता होता. एके दिवशी तो पूजेत असताना कचेरीचा शिपाई बोलावणे घेऊन आला, महिपतीने जाऊन काम पुरे केले, आणि परतल्यावर चाकरीची लेखणी कायमची खाली ठेवली, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. त्यानंतर त्याच्या लेखणीने संतांखेरीज दुसऱ्या कोणाचे दप्तर लिहिले नाही. ‘भक्तविजय’ हा त्याचा सत्तावन्न अध्यायांचा ग्रंथ १७६२ साली पुरा झाला, ‘भक्तलीलामृत’ १७७४ साली. म्हणजे दामाजीची कथा लिहिणारा हात वसुलाच्या वह्या ओळखणारा होता. कोठाराचा हिशेब, मुजुमदाराची चहाडी, वरिष्ठांचा हुकूम, रसिदेवरचा शिक्का ह्या गोष्टी त्याने ऐकीव म्हणून लिहिलेल्या नाहीत. त्या त्याच्या रोजच्या अनुभवातल्या होत्या. मराठी भक्तिकाव्याला ह्या हिशेबी जगाचे वावडे कधीच नव्हते. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या हाताखाली हिशेब तपासणारा एकनाथ एका पैची चूक सापडली म्हणून मध्यरात्री हर्षभरित होतो, ही आख्यायिकाही त्याच कुळातील आहे.

आता कथेचा क्रम नीट पाहावा, कारण सारे मर्म क्रमात आहे. दुष्काळ पडलेला आहे. पंढरपूरचा एक भुकेलेला ब्राह्मण दामाजीच्या घरी पानावर बसतो, आणि अन्न समोर येताच घरच्या उपाशी मुलामाणसांच्या आठवणीने त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागते. येथून कथेला हालचाल मिळते. दुष्काळाचे वर्णन करण्यासाठी मोठमोठी चित्रे रंगविण्याचे कवीला कारण पडत नाही; भरल्या पानासमोर रडणारा एक माणूस पुरतो. दामाजी त्याला धान्य देतो. मग बातमी पसरते, माणसे लोटतात, आणि मंगळवेढ्याच्या कोठारांची दारे उघडतात. कोठारे बादशहाची आहेत हे दामाजीला ठाऊक आहे आणि महिपतीही ते लपवीत नाही. आपला एक जीव जाईल पण पुष्कळांचे वाचतील, एवढाच दामाजीचा विचार. मुजुमदार कागद पाठवितो, शिपाई येतात, दामाजीला बिदरकडे नेऊ लागतात. वाटेत तो पंढरपुरी थांबण्याची परवानगी मागतो आणि विठोबाला भेटून घेतो. ती भेट निरोपाची आहे.

इकडे दामाजीच्या नकळत विठोबा महाराचा वेष घेऊन बिदरला जातो, थैली ओततो, सर्व बाकी भरून शिक्क्याची रसीद घेतो, आणि ती दामाजीच्या गीतेच्या पोथीत आणून ठेवतो. दामाजी पोथी उघडतो तेव्हा त्याला ती दिसते.

ह्या क्रमातील एक गोष्ट कीर्तनात सहसा निसटते. दामाजीने कोठार उघडले तेव्हा त्याच्याजवळ रसीद नव्हती. ती मिळेल असा दृष्टांत त्याला झाला नव्हता; त्याने देवाला तसे साकडेही घातले नव्हते. पंढरपुरी तो सुटकेची याचना करण्यासाठी थांबला नाही. देव बिदरला गेला तो त्याला न सांगता, त्याच्या अपेक्षेबाहेर. कथेतील विश्वास पहिल्या अर्ध्या भागातच पुरा झालेला आहे. दुसऱ्या अर्ध्यात जे घडते ते देवाचे काम, दामाजीचे नव्हे. आपण मात्र कथा उलट्या बाजूने वाचतो. शेवटी रसीद मिळते हे ठाऊक असल्यामुळे आरंभीचे धाडस आपल्याला धाडस वाटतच नाही. ज्याची बाकी देव भरणार आहे त्याने कोठार उघडले, त्यात नवल ते काय? अशा वाचनाने दामाजीची किंमत कमी होते आणि देवाचीही. कारण देव मग एक भरवशाचा जामीनदार तेवढा उरतो.

रसीद सापडल्यावर दामाजीला काय वाटते, हेही पाहण्यासारखे आहे. सुटलो, असा त्याचा पहिला उद्गार नाही. आपल्यापायी देवाला महार व्हावे लागले, ओझे वाहावे लागले, दरबारात जोहार करावा लागला, ह्याची त्याला खंत वाटते. आणि तो चाकरी सोडून पंढरीला जातो. ज्या रसिदेने त्याची खुर्ची निष्कंटक झाली, तीच वाचून तो खुर्चीवरून उठतो. रसिदेला देव मानणारा माणूस असे करणार नाही.

ह्या कथेशेजारी दुसरी एक कथा ठेवून पाहिली असता तिचे वेगळेपण अधिक उठून दिसते. हैदराबादेस राहणाऱ्या वाचकांना ती परिचयाची असेल. कंचर्ला गोपन्ना हा गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशहाच्या राज्यातील (१६७२–१६८७) तहसीलदार. अक्कण्णा-मादण्णा ह्या मंत्र्यांचा भाचा. त्याने वसुलाच्या रकमेतून भद्राचलम् येथे गोदावरीकाठी रामाचे मंदिर उभारले आणि त्यासाठी तो गोवळकोंड्याच्या तुरुंगात पडला. बारा वर्षांनी राम-लक्ष्मणांनी रात्री येऊन तानाशहाला सहा लक्षांची भरपाई केली व रसीद घेतली, अशी तिकडील श्रद्धा. भद्राचल रामदास म्हणून तो तेलुगू कीर्तनांचा थोर कर्ता झाला, आणि किल्ल्यातील त्याची कोठडी आजही दाखवितात. दख्खनच्या दोन भाषांनी, दोन सुलतानशाह्यांखाली, सरकारी पैशाच्या दोन गुन्हेगारांसाठी देवाकडूनच रसीद आणवावी, हे साम्य विलक्षण आहे. दोन्हीकडे देव सुलतानाला मारीत नाही, दप्तर जाळीत नाही; पै न् पै भरतो आणि लेखी पोच घेतो. राज्याचा हक्क तो मोडीत नाही, स्वतः फेडतो.

परंतु दोन्ही भक्त एका जातीचे नव्हेत. गोपन्नाने देवासाठी खर्च केला, आणि तुरुंगात हाल असह्य झाल्यावर रामाला, सीतेला, लक्ष्मणाला कोणता दागिना घडविला ह्याचा हिशेबच त्याने गाण्यातून रामापुढे मांडला. त्या गाण्यांची हृदयंगमता ह्या हक्काच्या भांडणातच आहे, आणि प्रेमाच्या माणसाला असे भांडण शोभते. दामाजीजवळ मात्र देवाला दाखविण्यासारखे बिलच नव्हते. त्याने देवासाठी काही केले नव्हते. उपाशी माणसांसाठी केले होते. ते देवाच्या खात्यावर मांडता येते, हे त्याला कळले ते रसीद पाहिल्यावर.

येथे मूळ प्रश्नाकडे येता येते. खोटे दैवत कशाला म्हणावे? आपल्या परंपरेत दगडाची मूर्ती ही खोट्या देवाची खूण नाही. विठोबा स्वतः विटेवर उभा असलेला दगडच आहे. संतांनी ज्यांच्यावर कोरडे ओढले ती जाखाई-जोखाईसारखी नवसाची दैवते होती. तुकोबांचा राग मूर्तीवर नव्हता, सौद्यावर होता. मी इतके देतो, तू तितके दे, असा करार ज्याच्याशी करावयाचा ते दैवत, मग ते शेंदूर फासलेले असो की संगमरवरी देव्हाऱ्यातले. आणि असा करार करणारा माणूस आतून कायमचा भ्यालेला असतो, कारण करार मोडण्याची भीती त्याला कधी सोडीत नाही. ही कसोटी लावली तर आपली नवी दैवते ओळखावयास वेळ लागत नाही. ज्येष्ठतेची यादी हे एक, गोपनीय अहवाल हे दुसरे. वरिष्ठांची मर्जी, गुंतवणुकीचे आकडे, मुलांचे परदेशगमन, निवृत्तीनंतरच्या घराचा हप्ता ह्यांना आपण नवस बोलत असतो. ह्यांपैकी एकही वस्तू वाईट नाही. वाईट एवढेच, की संकटसमयी तारील ती हीच, असे आपण मानू लागतो. आणि तिच्यासाठी रोज थोडेथोडे मन विकतो.

ही दैवतेही पुढे विटतातच. सरकारी नोकराच्या घरी कुलस्वामिनीखालोखाल निवृत्तिवेतनाचा मान असे. १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत नव्याने येणाऱ्यांपुरते, लष्कर वगळता, त्या जुन्या वेतनाचे दार बंद झाले आणि बाजारावर हेलकावणारी अंशदायी योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून निश्चित रकमेचा आधार देणारी तिसरी योजना पर्याय म्हणून पुढे आली. ह्यांतील कोणती योजना चांगली, हा आपला विषय नव्हे. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांचा म्हातारपणाचा आधार केवळ नेमणुकीच्या तारखेवरून वेगळा ठरतो, एवढे पाहिले तरी पुरे. जे कागदाने दिले ते कागदाने बदलू शकते. त्याची तरतूद अवश्य करावी. त्याच्यावर श्रद्धा ठेवू नये.

कथा उलटी वाचल्याने झालेला दुसरा तोटा ह्याहून गंभीर आहे. विठोबाने निवडलेला वेष पाहा. सरकारी वसूल पोचविणे हे गावगाड्यात महाराचे काम. तेव्हा बिदरला थैली घेऊन जाणारा महारच असणार, हे व्यवहाराला धरूनच आहे. परंतु गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याच्या रूपाने देव आला, हा त्या प्रसंगाचा गाभा. शतकानुशतके ही कथा कीर्तनांतून गायिली गेली, विठू महाराच्या प्रवेशाला श्रोत्यांचे डोळे पाणावले, आणि त्याच श्रोत्यांनी पंढरपूरच्या महाद्वारात चोखोबाच्या समाधीपलीकडे त्याच्या जातीच्या माणसाला पाऊल टाकू दिले नाही. ते दार उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. इतके रडूनही श्रोत्यांना काहीच कसे ऐकू आले नाही? कारण त्यांचे लक्ष थैलीकडे होते. ती आणणाऱ्याकडे नव्हते. देव संकटात पैसे पुरवितो, एवढा अर्थ पदरात पडला म्हणजे देव कोणाच्या रूपाने येतो हे पाहण्याची गरज उरत नाही. ज्या विश्वासातून केवळ दिलासा मिळतो आणि कोणतेच ओझे अंगावर पडत नाही, तो विश्वासही अखेर एक दैवतच होय.

ही सारी जुन्या काळची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. पण २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा कोठाराचा प्रश्न जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. शिधापत्रिका असणाऱ्यांस दरमहा माणशी पाच किलो मोफत धान्याची योजना लगेच आली. ज्यांची पत्रिका गावी राहिली होती, किंवा मुळीच नव्हती, अशा आठ कोटी स्थलांतरितांसाठी तीच पाच किलोंची सोय दोन महिन्यांपुरती जाहीर झाली ती १४ मे रोजी. मधली सात आठवड्यांची वाट माणसांनी पायी तुडविली. त्या दिवसांत ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांसमोर पत्रिका नसलेला माणूस येऊन उभा राहिला असणार, आणि भरल्या पानासमोर रडणाऱ्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न त्याने न बोलता विचारला असणार. कोणी नियमाकडे बोट दाखविले असेल, कोणी सही केली असेल. ज्यांनी केली त्यांच्यासाठी पुढे कोणी थैली घेऊन आले की लेखापरीक्षणाचा आक्षेप आला, हे त्यांचे त्यांना ठाऊक. महिपतीच्या कथेचा खरा वाचक त्या सहीच्या क्षणी ओळखू येतो.

त्याच वर्षी आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत; पादुका एस. टी. च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. शेकडो वर्षांची वाट वारकऱ्यांनी त्या साली सोडली. ‘देव राखील’ म्हणून गर्दी करणे ही श्रद्धा नव्हे, तीही नवसाचीच एक जात आहे, हे त्यांच्या त्या घरी बसण्यातून दिसले. सावधगिरी आणि विश्वास ह्यांचे वैर नाही. दामाजीही काही बेहिशेबी माणूस नव्हता. आपल्या करणीची किंमत काय पडेल हे त्याने आधी मोजले, आणि मग दार उघडले.

आता राहिला प्रश्न असा, की रसीद कधीच आली नाही तर? येथे मला न्यायमूर्ती रानड्यांची आठवण होते. १८६७ साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाचे ते धुरीण. मूर्तिपूजा आणि चमत्कार त्यांना मान्य नव्हते, पण पहाटे तुकोबांचे अभंग गाताना त्यांचा कंठ दाटून येई. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि सरकारी संशयाची सावली रानड्यांवर पडली. पुण्यापासून दूर धुळ्यास ते बदलून गेले, त्यांची पत्रे फोडली जाऊ लागली. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत ते दिवस वर्णिलेले आहेत. परक्या सरकारची चाकरी, मनात देशाचे हित, आणि टपालावर पहारा ह्याहून अधिक अनिश्चिततेची जागा सरकारी नोकराला कोणती मिळणार? त्यांच्या पोथीत कोणी रसीद आणून ठेवली नाही. तरी हातचे काम तसेच चालू राहिले आणि पहाटेचे अभंगही. पुढे १८९३ साली ते उच्च न्यायालयावर गेले खरे; पण धुळ्याचे दिवस त्यांनी त्या नेमणुकीच्या भरवशावर काढलेले नव्हते. दामाजीच्या कथेतून चमत्कार काढून घेतला तर उरते काय, असे विचारणाऱ्यास रमाबाईंचे ते प्रकरण दाखवावे. कथेचा पूर्वार्ध सबंध उरतो, आणि तो आपल्याला पुरेसा आहे.

महिपतीचे दोष झाकावयाचे कारण नाही. उपमांवर उपमा रचण्याची त्याला खोड आहे. भक्ताची भीती तो एका विचारात आटोपतो आणि थैलीतून न संपणारे धन ओतण्यात मात्र रमतो. दामाजी पंढरपूरहून पुढे निघाला तेव्हा त्याच्या मनात काय होते, हे आजच्या वाचकाला हवे असते, आणि तेथे कवी हात आखडता घेतो. श्रोत्यांना सुखाने घरी पाठविण्याची कीर्तनपरंपरेची सवय त्याच्याही अंगी मुरलेली आहे. आपण कथा उलटी वाचतो, ह्यात थोडा वाटा त्याचाही आहेच. असे असूनही, ज्याने स्वतः एकदा चाकरीची लेखणी खाली ठेवली होती, त्याने दामाजीलाही शेवटी खुर्चीवरून उठविले, आणि रसीद पोथीत सापडू दिली ती सारे होऊन गेल्यावर. हा क्रम त्याने बिघडविला नाही, ह्याबद्दल त्याचे ऋण मानावयास हवे.

आपणांपैकी प्रत्येकाच्या ताब्यात एखादे लहानसे कोठार असते. ते धान्याचेच असते असे नाही. एखादी सही, एखादा शेरा, कोणाचा तरी अडलेला कागद एवढेच बहुधा ते असते. ते उघडण्याच्या वेळी कोणाच्याही पोथीत रसीद नसते. बिदरला गेल्यावर आठवावयाचा तो दामाजी शिपायांबरोबर पंढरपुराहून निघालेला. पोथी त्याच्याजवळ आहे, पण ती त्याने अजून उघडलेली नाही.